वर्गात जुने भयपट दाखवताना: आधी प्रसंग ठरवा, मग चित्रपट

चित्रपट रसास्वादाचा तास पहिल्यांदाच वाट्याला आला आणि त्यात भयपट हा घटक असला, की बहुतेक जण एकच करतात. गाजलेल्या भयपटांची एखादी यादी शोधतात, वरचे सहा-सात चित्रपट उचलतात आणि सालवार लावून टाकतात. पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. तिसऱ्या आठवड्यात वर्ग निम्मा रिकामा झाला. मुलांचं काही चुकलं नव्हतं. चित्रपट चांगले होते, पण त्यांत नेमकं काय बघायचं हे माझंच ठरलं नव्हतं.

भयपट शिकवायला फार चांगला. दिग्दर्शकाने काय केलं ते इथे प्रेक्षकाच्या अंगावर उमटतं. काटा येतो, श्वास अडकतो, बाकाची कड घट्ट धरली जाते. त्यामुळे "हे केलं कसं?" हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. ज्या चित्रपटात या प्रश्नाचं उत्तर बोट ठेवून दाखवता येतं, तो वर्गासाठी योग्य. कॉलेजात हा विषय नव्याने घेणाऱ्यांसाठी आणि फिल्म सोसायटीत नुकतीच जबाबदारी अंगावर आलेल्यांसाठी माझी पद्धत इथे सांगतो.

पहिली पायरी: पहिल्या तासाला चित्रपट लावूच नका

पहिल्या तासाला प्रत्येकाने घरी ऐकलेली भुताची गोष्ट दोन मिनिटांत सांगायची. आपल्याकडे या बाबतीत कोणी रिकाम्या हाताने येत नाही. पिंपळावरचा मुंजा असतो, विहिरीवरची हडळ असते, अमावास्येला शेतात रस्ता विसरायला लावणारा चकवा असतो. शहरात वाढलेल्या मुलांकडे होस्टेलची बंद खोली तरी असतेच.

तुम्ही गोष्टीकडे कमी आणि सांगणाऱ्याकडे जास्त लक्ष द्यायचं. आवाज कुठे खाली आला, कुठे थांबला, काय सांगायचं टाळलं. कोकणातल्या एका मुलीने सांगितलं होतं, "आजी गोष्ट सांगता सांगता मध्येच गप्प व्हायची आणि दाराकडे बघायची. दारात काहीच नसायचं. पण आम्ही कोणी तिकडे बघायचो नाही." मी तेवढं वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं. चौकटीबाहेर काहीतरी आहे असं भासवणं, हे तंत्र शिकवायला पुढे मला वेगळी व्याख्या लागली नाही. वर्षभर मुलं "आजीचं दार" म्हणूनच त्याला ओळखत होती.

तासाच्या शेवटी फळ्यावर चार-पाच शब्द जमतात: अंधार, आवाज, थांबणं, न दाखवणं, ओळखीची जागा अनोळखी होणं. तुमची चित्रपटांची यादी या शब्दांवरून करायची.

दुसरी पायरी: एका चित्रपटातून एकच गोष्ट

प्रत्येक शब्दासाठी आधी पाच-सात मिनिटांचा एक प्रसंग शोधा. तो प्रसंग काय शिकवतो हे एका वाक्यात सांगता आलं, तर तो ज्या चित्रपटात आहे तो घ्या. नाही सांगता आलं, तर चित्रपट कितीही थोर असो, या वर्षी राहू द्या.

माझी सुरुवात 'कॅट पीपल'ने होते. 1942 सालचा, दिग्दर्शक झाक तुर्नर, निर्माता व्हॅल ल्यूटन. आरकेओ स्टुडिओने हातात पैसे बेताचेच ठेवले होते, त्यामुळे अजस्र राक्षस आणि भव्य सेट असलं काही परवडणारं नव्हतं. गोष्ट न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या इरिनाची. आपल्या कुळाला शाप आहे, मनात मत्सर पेटला की आपण बिबट्याचं रूप घेतो, असं तिला वाटतं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या ॲलिसवर तिचा संशय. एका रात्री ॲलिस बागेच्या भिंतीकडेने एकटी घरी निघते आणि इरिना तिच्या मागे.

हा प्रसंग मी आधी चित्राशिवाय ऐकवतो. प्रोजेक्टरच्या भिंगापुढे वही धरायची आणि आवाज चालू ठेवायचा. रस्त्यावर टाचांचे आवाज येतात, दोन जोड्यांचे. मुलं कान देऊन ऐकतात. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की आता एकच जोडी वाजतेय. दुसरी कधी थांबली? तिथपर्यंत आलं की प्रसंग पुन्हा पहिल्यापासून, या वेळी चित्रासकट. दिव्याच्या खांबाखाली उजेडाचं थारोळं, मग काळोख, मग पुन्हा उजेड. ॲलिस थबकते, वळून बघते, मागे कोणी नाही. ती झपाझप चालते, पळायला लागते आणि अचानक जनावर फिस्कारल्यासारखा आवाज येतो. आधी ऐकलेला असूनही वर्ग दचकतो. ती ब्रेक लावून थांबलेली बस असते. या युक्तीला पुढे 'ल्यूटन बस' असंच नाव पडलं.

इथे चित्रपट थांबवा आणि विचारा: तुम्ही घाबरलात कधी आणि दचकलात कधी? दचकले सगळे बसला. घाबरले त्याच्या मिनिटभर आधी, पावलं थांबली तेव्हा. हा फरक मुलांच्या हाती एकदा लागला की आजच्या कुठल्याही भयपटाकडे ती वेगळ्या नजरेने बघतात. याच चित्रपटात पोहण्याच्या तलावाचाही प्रसंग आहे. अंधार, छतावर हलणारी पाण्याची तिरीप, गुरगुर, आणि दिसत काहीच नाही. तो मात्र न थांबवता पूर्ण बघू द्या.

दुसऱ्या आठवड्यात 'सायको', 1960. न्हाणीघरातला खुनाचा प्रसंग सगळ्यांना ऐकून माहीत असतो, म्हणूनच तो घ्यायचा. हल्ला पडद्यावर मिनिटभरसुद्धा नाही, पण चित्रीकरणाला आठवडा लागला. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकला इथे संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने केवळ तंतुवाद्यांवर ती कर्कश धून बांधली, ती ऐकल्यावर त्याने मत बदललं. वर्गात हेच करून बघा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद, आणि प्रत्येक तुकडा बदलला की बाकावर पेन्सिलीने टकटक करायची. थोड्याच वेळात टकटक इतकी दाट होते की मुलांना मोजणं जमत नाही. संकलनाचा वेग म्हणजे काय, हे त्यांच्या बोटांना कळतं. दुसऱ्यांदा आवाजासकट. मग विचारा, सुरी अंगात शिरताना किती वेळा दिसली? बहुतेक जण छातीठोकपणे "पाच-सहा वेळा" म्हणतात. पुन्हा लावून दाखवा. ती दिसलेली नसते, जवळजवळ नाहीच. प्रेक्षकाने स्वतःच्या डोक्यात भरलेलं ते चित्र असतं. रक्तही चॉकलेट सिरपचं आहे, कृष्णधवल पडद्यावर ते खपून गेलं.

हिचकॉकने चित्रपट सुरू झाल्यावर प्रेक्षकांना आत सोडू नका अशी अट थिएटरवाल्यांना घातली होती. त्या दिवसापुरती तीच अट वर्गाला लावा. मुख्य नटी पाऊण तासाच्या सुमारास मरते. उशिरा येणाऱ्याला हा धक्का कळणारच नाही.

तिसरी पायरी: प्रत कोणती आहे ते बघा

या पायरीकडे नवखी माणसं हमखास दुर्लक्ष करतात आणि चित्रपट इथेच मरतो. 'नोस्फेरातू'चं उदाहरण घ्या. 1922, दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाव. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'वर परवानगी न घेता बेतलेला. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती तरीही वाचल्या म्हणून आज तो आपल्यापुढे आहे.

त्या काळी रात्रीचं चित्रीकरण कठीण, म्हणून बरेच रात्रीचे प्रसंग दिवसाच टिपलेले आहेत. मग फिल्मला रंगाची छटा दिली जायची: रात्र निळी, दिव्याच्या उजेडातली खोली पिवळसर. ही छटा नसलेली, नुसती काळी-पांढरी प्रत लावली तर रक्तपिपासू काउंट शवपेटी बगलेत मारून भर उन्हात गावातून चाललेला दिसतो. माझ्या वर्गात असं झालं होतं. मुलं हसली आणि त्यांचं हसणं अगदी रास्त होतं, कारण पडद्यावर खरोखरच दुपार होती. पुढच्या वर्षी निळ्या छटेची दुरुस्त केलेली प्रत लावली. त्याच प्रसंगाला वर्गात चिडीचूप. म्हणून मूकपट घेताना छटा आहेत का आणि संगीत कोणतं जोडलंय, हे घरी बसून पूर्ण बघा. जिन्यावरून वर सरकणारी लांब नखांची सावली वर्गात दाखवायची असेल, तर तिच्यामागे कोणीतरी भलतंच चिकटवलेलं संगीत नको.

आणखी काही साध्या गोष्टी. जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असते. ती ताणून रुंद पडदा भरू नका, माणसं बुटकी आणि फुगलेली दिसतात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तर राहू द्या. कृष्णधवल चित्रपटाची मागाहून रंगवलेली आवृत्ती घेऊ नका. टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा, नाहीतर जुना चित्रपट मालिकेसारखा दिसतो. चित्रपट चालू असताना कॉलेजच्या वायफायवर विसंबू नका. पावलं थांबायच्या क्षणी पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं की तो क्षण परत येत नाही.

आणि अंधार. आपल्या वर्गांच्या खिडक्या मोठ्या, पडदे विटके. दुपारी दोनला उन्हं तिरपी आत येतात आणि सगळ्या सावल्या पुसून टाकतात. काळा कार्डशीट पेपर आणि चिकटपट्टी घेऊन आदल्या दिवशी काचा झाका. शक्य असेल तर तास संध्याकाळचा मागून घ्या. पंख्याची खडखड कमी करता आली तर तेही करा. 'कॅट पीपल'ची पावलं पंख्याखाली ऐकू येत नाहीत.

चौथी पायरी: कोण बसलंय समोर?

'फ्रँकेन्स्टाइन', 1931, दिग्दर्शक जेम्स व्हेल. यात तळ्याकाठचा एक प्रसंग आहे. बोरिस कार्लोफने साकारलेला तो अजस्र जीव आणि एक लहान मुलगी पाण्यात फुलं टाकून ती तरंगताना बघत बसलेत. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्याच्याशी खेळतंय. फुलं संपतात. मग तो मुलीलाच उचलून पाण्यात टाकतो, फुलासारखी तीही तरंगेल या भाबड्या समजुतीने. सेन्सॉरने त्या काळी हा शेवट काढून टाकला होता, तो उचलायला हात पुढे करतो तिथेच कापलं होतं. पुढे बाप तिचं कलेवर हातांवर घेऊन गावातून येतो. मधलं काही न दिसल्यामुळे प्रेक्षकाच्या मनात मूळ घटनेपेक्षा कितीतरी भयंकर काहीतरी येतं. काढलेला भाग 1980 च्या दशकात पुन्हा जोडला गेला. दोन्ही तऱ्हा वर्गात दाखवा. कात्रीने अर्थ कसा बदलतो, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

हा प्रसंग चालू असताना एकदा मागच्या बाकावरचा मुलगा उठून निघून गेला. त्याचा धाकटा भाऊ नदीत बुडाला होता, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मी आदल्या आठवड्यात कागद लावतो: पुढच्या चित्रपटात काय आहे. बुडणं, मुलाचा मृत्यू, बाईवर हल्ला, जे असेल ते स्पष्ट शब्दांत. ज्याला नको असेल त्याने नाही आलं तरी चालतं, कारण द्यावं लागत नाही, हजेरी लागते, आणि त्याला दुसऱ्या चित्रपटावर लिहायला देतो. सूचना आधी दिली म्हणून भीती कमी झालीय, असं माझ्या वर्गात एकदाही झालेलं नाही.

वयाचाही प्रश्न आहे. 'ए' प्रमाणपत्र म्हणजे अठरा पूर्ण. अकरावी-बारावीच्या मुलांना ते चित्रपट दाखवू नका, मुलं कितीही म्हणोत की आम्ही मोबाइलवर बघितलाय. 2024 च्या नियमांनी 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे टप्पे केलेत, ते बघून घ्या. हक्कांचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट दाखवायची सवलत आहे. ती शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी थेट संबंध असलेल्यांपुरतीच आहे. बाहेरच्यांना बोलावलं किंवा तिकीट लावलं, की रीतसर परवानगी घ्यायला हवी. फिल्म सोसायटीवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

पाचवी पायरी: आपल्या जवळचे आणि पूर्वेचे

परदेशी चित्रपटांवर सगळा काळ घालवू नका. 'महल', 1949, दिग्दर्शक कमाल अमरोही, संकलन बिमल रॉय. छायालेखक योझेफ विर्शिंग हे जर्मनीहून येऊन मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये रुजलेले. म्हणून मी 'महल'च्या आधी 1920 च्या 'कॅलिगरी' या जर्मन मूकपटाची वीस मिनिटं दाखवतो. तिथे वाकड्या भिंतींवर सावल्या चक्क रंगाने काढलेल्या आहेत. मग 'महल'मधला वाडा, वादळी रात्र, भिंतीवर आपलाच चेहरा असलेली तसबीर बघून हादरलेला अशोक कुमार. सावल्यांनी केलेला प्रवास मुलांना आपोआप दिसतो.

आणि मग ते गाणं. 'आएगा आनेवाला' मुलांनी आजीच्या रेडिओवर ऐकलेलं असतं, पण ते भुताचं गाणं आहे हे बहुतेकांना ठाऊक नसतं. सूर लांबून जवळ येतो असं वाटावं म्हणून लताबाई ध्वनिमुद्रणाच्या वेळी खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या होत्या. डोळे मिटून ऐकायला सांगा. पुन्हा पावलंच आहेत, या वेळी आवाजाची. पहिल्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव 'कामिनी' असं पात्राचंच छापलं होतं. चित्रपट लांब आहे, वर्गात सुरुवातीपासून या गाण्यापर्यंत पुरे.

सत्यजित राय यांच्या 'तीन कन्या'मधली (1961) 'मोनिहारा' ही कथा तासाभरात बसते. घाटाच्या पायऱ्यांवर एक मास्तर पांघरूण घेतलेल्या अनोळखी माणसाला दागिन्यांच्या सोसाची गोष्ट सांगतो. ऐकणारा कोण, हेच यातलं मर्म, ते आधी फोडू नका. जपानचा 'क्वाइदान' (1964, मासाकी कोबायाशी) तीन तासांचा, चार कथांचा. त्यातली होइची या आंधळ्या वादकाची कथा घ्या. तो बिवा हे तंतुवाद्य छेडत समुद्रातल्या लढाईचं आख्यान गातो, आणि ऐकायला त्या लढाईत मेलेलेच येतात. पोवाडा ऐकलेल्या मुलांना ती बैठक परकी वाटत नाही. भुतांना दिसू नये म्हणून त्याच्या अंगभर पवित्र मंत्र लिहितात. कानांवर लिहायचं राहतं. पुढचं पडद्यावरच बघा.

'ड्रॅक्युला' (1931) मी पूर्ण दाखवत नाही, मधला भाग वर्गात रेंगाळतो. सत्तरच्या दशकातले गाजलेले रक्तरंजित चित्रपटही पहिल्या वर्षी टाळतो, त्यांना वेगळं सत्र हवं.

सहावी पायरी: क्रम आणि वेळ

सालवार क्रम सोडा. मूकपटापासून सुरुवात केली तर मुलांना चित्रपटाची भाषा आणि जुनेपणाची सवय, दोन्ही एकदम करावी लागते. आधी 'कॅट पीपल', मग 'सायको', मग मागे जाऊन 'नोस्फेरातू', त्यानंतर 'फ्रँकेन्स्टाइन', 'महल', 'मोनिहारा', होइची. जुन्या भयपटांचा एक मोठा फायदा म्हणजे लांबी. 'फ्रँकेन्स्टाइन' सत्तर मिनिटांचा, 'कॅट पीपल' त्र्याहत्तर. जोडतासात चित्रपट होतो आणि बोलायलाही वेळ उरतो.

पहिली दहा मिनिटं मुलं हसतील. हसू द्या, दटावू नका. नंतर विचारा की कशाला हसलात. अभिनयाला, मेकअपला की तुमच्या बाजूचा हसला म्हणून? यातूनही चर्चा उभी राहते. चित्रपट संपल्यावर मात्र लगेच बोलायला लावू नका. आधी अर्ध्या पानावर दोन ओळी लिहून घ्या: कोणत्या क्षणी अंगात काय झालं आणि त्या क्षणी पडद्यावर काय होतं. आधी बोललं की वर्गातले दोन मोठे आवाज सगळ्यांचं मत ठरवून टाकतात.

शेवटचा चित्रपट

शेवटी 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', 1968, जॉर्ज रोमेरो. पिट्सबर्गजवळ थोडक्या पैशात केलेला. वितरकाने ऐन वेळी नाव बदललं आणि नव्या नामावलीत कॉपीराइटची सूचना राहून गेली, त्यामुळे अमेरिकेत तो हक्कमुक्त झाला. प्रती भरपूर आहेत, पण बऱ्याच पुसट. चांगली शोधा.

इतके आठवडे मुलं सावली, आवाज, कात्री बघत आलेली असतात. इथे त्यांना माणसं बघायला सांगा. एका घरात कोंडलेली, बाहेर उठून चालायला लागलेले मुडदे, आणि आत तळघरात थांबायचं की वर यावरून भांडण. नायकाच्या भूमिकेत डुएन जोन्स हा कृष्णवर्णीय नट आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांची एप्रिलमध्ये हत्या झाली, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हा पडद्यावर आला. हे मुलांना चित्रपटाआधी सांगू नका, नंतर सांगा.

रात्रभर तगून राहिलेला हा नायक सकाळी मदतीला आलेल्यांच्याच गोळीने मरतो. त्यानंतर नामावली सुरू होते आणि तिच्याखाली वर्तमानपत्रातल्या फोटोंसारखी भरड, थिजलेली छायाचित्रं येतात: हातात लोखंडी आकडे घेतलेली माणसं, त्यांच्या पायाशी तो. नामावली आली की आपल्याकडे दिवे लागतात आणि दप्तरं आवरली जातात. त्या दिवशी बटणापाशी बसणाऱ्या मुलाला आधीच सांगून ठेवा, शेवटचं छायाचित्र जाऊन पडदा पूर्ण काळा होईपर्यंत ट्यूबलाइट लावायची नाही.